रवाना

रुवीतल्या एक्स्चेंजच्या चौथ्या मजल्यावर
रात्रपाळीला आम्ही दोघंच:
मी, आणि खाली लिफ्टशी झोपलेला बलुची पहारेकरी.
काम सांगायला सोपं आहे.
काल जगात कुणी कुठले पत्ते विकत घेतले
त्याची यादी येते,
आणि मी तिच्यात आमचाच चेहरा हुडकते
दुसऱ्याच्या धडावर.

आर आणि एन खेटून बसले की एम.
एकच्या आकड्याची टोपी काढली की एल.
रशियन लिपीत एक अक्षर आहे,
इंग्रजी ए-चा जुळा,
सख्खी आई फसेल असा.

हे मला अब्बांनी आधीच शिकवलं होतं,
चिपळूणच्या छापखान्यात,
शिशाचे खिळे बोटांत उलटे धरून.
'हा घ, याचं डोकं झाकलेलं. हा ध, याला वर फट.
फट बुजली की धनाचा ढग झालाच समज.'
एकदा कुणा आंबेवाल्याच्या पावतीवर
'माल रवाना' छापायचं होतं.
र आणि व जरा जवळ सरकले.
पाचशे पानांवर 'माल खाना'.
अब्बांनी पदरचा कागद घातला, पुन्हा छापलं,
आणि अम्मी महिनाभर ताट वाढताना म्हणायची,
घ्या, माल खाना.

परवा रात्री तोच र, तोच व.
पत्ता आमचा, मधलं एक अक्षर परकं.
जन्मून सहा तास झालेले.
पान हुबेहूब: हिरवी पट्टी, कॉफीच्या सुरईचं चित्र,
खाली आमचंच वाक्य,
'सावध राहा, पिन कुणालाही सांगू नका.'

बंद करायला चाळीस मिनिटं लागली.
तेवढ्यात सात खात्यांची किल्ली
कुणीतरी फिरवून पाहिली होती.
गोठवायचा अधिकार साहेबांना,
साहेब सलालाला, फोन बंद.

सातांतला पहिला: विश्राम तोडणकर,
सोहार बंदर, क्रेन.
पगार कालचाच, दोनशे दहा रियाल.
नियम सोडून मी मराठीत बोलले.
'विश्रामदादा, एक्स्चेंजमधून बोलतेय.'
'कोण?'
'नाझनीन परकार.'
'खऱ्या कशावरून?'

मी गाव सांगितलं. गोवळकोट.
करंजेश्वरीच्या देवळाखालून खाडीकडे उतरणारी वाट सांगितली.
'वाट काय, कुणीपण सांगेल.
आमच्या मावसभावाला तर
पोरीचं पाळण्यातलं नाव सांगून लुटला.'
मागे क्रेनचा भोंगा वाजला.

माझ्याकडे उत्तर नव्हतं.
माझा आवाज, माझी मराठी, माझी घाई,
आडरात्रीची वेळसुद्धा:
सगळं त्यांच्यासारखंच.
मी म्हटलं, 'बरोबर आहे तुमचं.
मला काही सांगू नका. फोन ठेवा.
कार्डाच्या पाठीवर नंबर आहे,
तो स्वतःच्या डोळ्यांनी वाचून लावा,
एकेक आकडा.'

तो 'ठेवतो' म्हणाला नाही.
ठेवला.
कुणी फोन आपटल्यावर
इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

चारला पाच कमी असताना पडद्यावर ओळ आली:
ग्राहकाच्या विनंतीवरून बंद, तोडणकर वि.
खाली फजरची अजान झाली,
पहारेकऱ्याची खुर्ची करकरली.

दोघांनी फोन उचललाच नाही.
तिघं झोपेत 'बघतो' म्हणाले.
आणि सातवा, बरक्याचा कुणी पोरगा,
लगेच मानला. ताई म्हणाला.
मी विचारायच्या आत
पिन सांगायला लागला,
चार, नऊ,

मी ओरडले त्याच्यावर,
अब्बा माझ्यावर ओरडायचे तशी,
फट ठेव, अरे, फट.